गुडघ्याच्या नऊ महिन्यांना गैरहजेरी म्हणू नका

प्रति,
राज्याच्या क्रीडा खात्यातील अधिकारी, कबड्डी संघटनांचे पदाधिकारी आणि निवासी क्रीडा प्रशिक्षण केंद्रांचे व्यवस्थापक यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. गेली एकोणीस वर्षं मुलींना कबड्डी शिकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी काही जिल्ह्याला खेळल्या, काही राज्याला, दोघी पोलिसात भरती झाल्या. आणि तिघींचा गुडघा गेला. हे पत्र त्या तिघींपैकी दोघींसाठी आहे. तिसरी नीट बरी झाली, तिचे वडील सैन्यात होते आणि उपचार तिथल्या रुग्णालयात झाले. हा फरक का पडला, तेही पुढे सांगते.

निमित्त घडलं ते गेल्या आठवड्यात. माझी एक विद्यार्थिनी, वय १७, दोन वर्षांपूर्वी निवासी केंद्रात निवडली गेली. चढाईपटू आहे. ११ जानेवारीला तिच्या डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. २२ जुलैला केंद्राचं पत्र घरी आलं: ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुनर्मूल्यमापन चाचणी आहे, हजर न राहिल्यास दीर्घ अनुपस्थितीमुळे प्रवेश रद्द समजण्यात येईल. तिच्या आईला वाचता येतं, तरी ते पत्र घेऊन ती शाळेत माझ्याकडे आली. "बाई, जाऊ दे का तिला?" एवढंच विचारलं.

चाचणीच्या दिवशी शस्त्रक्रियेला सात महिने झालेले असतील. चाचणीत धावणं आहे, बसून उड्या आहेत, आणि शेवटी दोन डाव प्रत्यक्ष खेळ. गेली तर गुडघा पुन्हा जाण्याची भीती, नाही गेली तर प्रवेश जातो. सतरा वर्षांच्या पोरीपुढे असा पेच ठेवणारा कागद कोणीतरी सही करून पाठवला आहे. सही करणाऱ्याला या शस्त्रक्रियेनंतर शरीरात काय चालतं ते ठाऊक नसावं, असं मी धरून चालते. म्हणून आधी तेच सांगते.

गुडघ्याच्या आत, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरका जाणारा एक दोर असतो. तोच हा लिगामेंट, त्याला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि पाय रोवलेला असताना गुडघा पिळला जाऊ नये, हे त्याचं काम. कबड्डीत नेमकं तेच घडतं. कोपऱ्याला हात मारून चढाईपटू मध्यरेषेकडे वळते, पाऊल मॅटवर रुतलेलं, शरीर फिरलेलं, गुडघा आत पडलेला. मातीवर पाय थोडा सरकायचा. मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतो. आमच्या मुलीला तर कोणी धरलंही नव्हतं. विभागीय स्पर्धेचा सामना होता, ती वळली, 'कट्' असा आवाज आला. मी बाकावर बसले होते, तिथवर तो आवाज पोहोचला.

पूर्ण तुटलेला हा दोर बहुतेक वेळा आपला आपण खेळण्याइतका जुळून येत नाही. म्हणून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात, आणि मांडीमागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे हाडाला बांधणारा चिवट पट्टा, काढून तिथे बसवतात. याला ग्राफ्ट म्हणतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. यापुढचं फारच थोड्यांना माहीत आहे. बसवलेल्या कंडरेला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नवे धागे विणले जातात. या काळात ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षा कमजोर होतो, आणि मग पुन्हा ताकद धरत जातो. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. गंमत म्हणून नाही, भीती म्हणून सांगते: तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सूज उतरलेली असते, दुखत नसतं, मुलगी जिने चढते, आणि घरच्यांसकट सगळ्यांना वाटतं झालं बरं. आत मात्र विणकाम अर्धंच झालेलं असतं.

दुसरी गोष्ट स्नायूची. गुडघ्यात सूज असली की मांडीचा पुढचा स्नायू मेंदूचं ऐकेनासा होतो. पहिल्या आठवड्यात या पोरीला गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायला सांगितलं होतं. राज्यस्तरावर चढाया करणारी मुलगी, आणि तो टॉवेल तिच्याने दबेना. पायाकडे बघत बसायची, मांडी थरथरायची आणि थांबायची. चौथ्या दिवशी वाटी जराशी वर सरकली, तेव्हा तिची आई रडली. सहाव्या आठवड्यात मी शिंप्याच्या टेपने वाटीपासून दहा सेंटीमीटर वर मांडीचा घेर मोजला. उजवी ४६, डावी साडेबेचाळीस. आज डावी साडेचव्वेचाळीस आहे. हे दोन सेंटीमीटर तिने पाच महिन्यांत कमावलेत, रोज पहाटे साडेपाचला शाळेच्या हॉलमध्ये येऊन. तुमच्या हजेरीपटावर हे सगळे दिवस 'अनुपस्थित' आहेत.

आता वेळेचं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी याच शस्त्रक्रियेनंतरच्या १०६ जणांवर नजर ठेवून २०१६ साली निष्कर्ष छापले. नवव्या महिन्यापर्यंत खेळायला परतणं जितके महिने पुढे ढकललं, त्यातल्या दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी उतरत गेलं. आणि नुसते महिने मोजूनही भागत नाही. परतण्याआधीच्या ताकदीच्या आणि उडीच्या चाचण्या पार न करता खेळलेल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा जायबंदी झाले, चाचण्या पार करून खेळलेल्यांपैकी साडेपाच टक्क्यांच्या आसपास. शिवाय खेळात परतणाऱ्या पंचविशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये जवळपास चारातल्या एकाचा तोच किंवा दुसऱ्या पायाचा लिगामेंट पुन्हा तुटतो, असं वेगवेगळे अभ्यास एकत्र करून मांडलेलं आहे. आपल्या केंद्रांतली, शाळांतली सगळी मुलं याच वयाची आहेत.

या चाचण्यांना फार मोठी यंत्रं लागतात असंही नाही. मांडीच्या ताकदीसाठी यंत्र हवं. एका पायावरच्या उडीला फक्की आणि टेप पुरते. ११ जुलैला सहा महिने झाले, त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही रेघ मारली. उजव्या पायावर उडी १४२ सेंटीमीटर. डाव्यावर ९८. म्हणजे उजव्याच्या ६९ टक्के. निदान ९० हवेत. जिल्ह्याच्या गावच्या फिजिओने यंत्रावर मांडीची ताकद मोजली, ती उजव्या मांडीच्या ७१ टक्के भरली. असा पाय घेऊन तिने तुमच्या चाचणीत दोन डाव खेळायचे का, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मी हे इतक्या जीव तोडून का लिहिते आहे ते सांगते. चार वर्षांपूर्वी माझी दुसरी एक मुलगी, डावा कोपरा खेळायची, असाच गुडघा घेऊन घरी बसली होती. पाचव्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी आली. ती म्हणाली बाई, दुखत नाही, मी बसून उठून दाखवते. गावातल्या डॉक्टरांनी लेटरहेडवर 'फिट' लिहून दिलं. मी तिला मैदानात पाठवलं. तिसऱ्या सामन्यात घोटा धरायला गेली आणि ग्राफ्ट तुटला, सोबत गुडघ्यातली गादीही फाटली. दुसऱ्या शस्त्रक्रियेला घरात पैसे नव्हते. आज ती २२ वर्षांची आहे. जिना उतरताना कठड्याला धरून उतरते, आणि पावसाळ्यात शेतात चिखलात पाय टाकायला घाबरते. निवड समितीला मी दोष देत नाही, सही माझीही होती. पण मला त्या वेळी कोणी विचारलं नव्हतं की किती महिने झाले, उडी किती, ताकद किती. विचारायची पद्धतच नव्हती. आजही नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडते.

या सतरा वर्षांच्या मुलीला दुखापत झाली त्या दिवशी मैदानावर बर्फ नव्हता. दोघींनी तिला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं, कोणीतरी गुडघा ओढून बघितला, स्प्रे मारला. तिसऱ्या दिवशी केंद्राने 'विश्रांती घे' म्हणून घरी पाठवलं. घरच्यांनी हाडवैद्याकडे नेलं, त्याने लेप लावला, सूज उतरली. तीन आठवड्यांनी सरावाला बोलावणं आलं, ती गेली, आणि पहिल्याच दिवशी पळताना गुडघा निसटला. त्यानंतर एमआरआय झाला, तेव्हा कळलं की लिगामेंट आधीच गेलेला होता आणि आता गादीलाही चीर आहे. लिगामेंट नसलेला गुडघा असा निसटत राहिला की गादीचं नुकसान होतं, हे ऑर्थोपेडिक डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात. ती पहिली भेट घडवून आणायला केंद्राकडे कोणी नव्हतं.

शस्त्रक्रियेला पावणेदोन लाख लागले. वडिलांनी म्हैस विकली, बाकीचं पतसंस्थेचं कर्ज. ते कर्ज आज ना उद्या फिटेल. पण फिजिओ ४८ किलोमीटरवर, एका वेळचे साडेतीनशे, वर एसटीचं भाडं, आणि सोबत येणाऱ्या आईचा रोज बुडतो. पहिल्या महिन्यात कुबड्या घेऊन ती एसटीत चढायची. आठवड्यातून तीनदा जायला सांगितलं होतं, मार्चनंतर आठवड्यातून जेमतेम एकदा जमलं, एप्रिलमध्ये तर तेही नाही. मी फोनवर फिजिओला विचारून व्यायाम घ्यायचे, व्हिडिओ पाठवायचे, ती बिचारी उत्तर द्यायची. मी फिजिओ नाही. गुडघा पूर्ण सरळ होत नाहीये, शेवटचे चार-पाच अंश अडकताहेत, हे माझ्या लक्षात यायला तीन आठवडे गेले. जाणकाराच्या लक्षात ते एका नजरेत आलं असतं. सैन्यातल्या वडिलांच्या मुलीला रुग्णालयातच रोजचा फिजिओ मिळाला, आणि ती दहाव्या महिन्यात मॅटवर उतरली. जिद्द दोघींचीही सारखीच होती.

प्रमाणपत्रांची गोष्ट तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बारावीचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, दोन्हींची वाट प्रमाणपत्रावरून जाते. मी या सवलतींच्या बाजूची आहे. पोलिसात गेलेल्या माझ्या दोघी मुलींच्या घरी त्यामुळे चूल नीट पेटते आहे. पण जायबंदी खेळाडूसाठी त्यात थांबायची सोय नाही. एक वर्ष चुकलं की वयोगट ओलांडतो, बारावी निघून जाते. म्हणून मुलं सहाव्या महिन्यात उतरतात, आईवडील उतरवतात, आणि आम्ही शिक्षक डोळे मिटतो.

केंद्रात फोन केला तेव्हा एका अधिकाऱ्यांनी मला विनेश फोगाटचं उदाहरण दिलं. ती नाही का परतली, म्हणाले. परतली, आणि मला तिचा अभिमान आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत तिच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पुढच्या ऑगस्टमध्ये ती पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून उभी होती, आणि मधल्या काळात नऊ महिने भरायच्या आतच कुस्तीही खेळली होती. पण तिच्याबरोबर फिजिओ होती, ताकदीचा सराव घेणारे तज्ज्ञ होते, आहार बघणारे डॉक्टर होते, आणि ती इतक्या वर्षांच्या कुस्तीच्या शहाणपणाने आपलं शरीर ओळखणारी बाई आहे. आमच्या पोरीजवळ टॉवेल आहे, शिंप्याची टेप आहे आणि मी आहे. विनेशचं नाव घ्यायचं असेल तर तिच्या मागे उभी होती तशी माणसंही आम्हाला द्या.

आणखी एक, जे कागदावर कुठेच येत नाही. भीती. गेल्या महिन्यात मी हॉलमध्ये खडूने अर्धं मैदान आखलं आणि नुसतं चालत चढाई करायला सांगितलं. समोर कोणी नाही. डाव्या कोपऱ्याशी आली की ती थांबते. पाऊल टाकते आणि मागे घेते. तिला स्वतःलाही ते कळत नाही. अशा भीतीचं मोजमाप करायच्या प्रश्नावल्या आहेत, खेळायला परतण्यापूर्वी त्या भरून घेतात. कबड्डीत तर त्या हव्यातच, कारण इथे पळणं-वळणं जमलं तरी पुरत नाही. कोणीतरी तुमचा घोटा धरणार आहे, मांडीला मिठी मारणार आहे, आणि तुम्ही त्यांना ओढत मध्यरेषेकडे जाणार आहात. उडीच्या चाचणीत हे कुठेच तपासलं जात नाही. म्हणून माझं मत असं की कबड्डीपटूला नऊ महिन्यांनंतरही थेट सामन्यात टाकू नये. आधी एकटीने पायांची हालचाल, मग एकाच खेळाडूची हलकी पकड, मग साखळी, मग सरावाचा डाव. यासाठी आणखी महिना-दीड महिना लागला तर लागू द्यावा. आपल्या खेळासाठी असा आराखडा आपणच लिहायला हवा. फुटबॉलवाल्यांनी दुखापत टाळण्यासाठी वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार करून जगभर वाटला. कबड्डी आपली म्हणतो, तर आपल्या पोरींच्या गुडघ्याचा विचार दुसरं कोण करणार?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूचा केंद्रातला प्रवेश शस्त्रक्रियेच्या तारखेपासून निदान बारा महिने कायम ठेवा. त्या काळातला उपचार आणि व्यायाम हा सराव म्हणून नोंदवा, फिजिओच्या सहीचा तक्ता हजेरी म्हणून धरा.

नऊ महिने पूर्ण झाल्याशिवाय, आणि मांडीची ताकद व एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांवर आल्याचा आकड्यांसकट अहवाल असल्याशिवाय, अशा खेळाडूला कोणत्याही निवड चाचणीत उतरवू नका. लेटरहेडवरचं एका शब्दाचं 'फिट' स्वीकारू नका. खेळाडूने, पालकांनी, माझ्यासारख्या शिक्षकाने कितीही गळ घातली तरी स्वीकारू नका. आम्हाला आमच्यापासून वाचवायला असा नियम हवा आहे.

प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात आठवड्यातून किमान तीन दिवस फिजिओ बसवा, आणि मुलींसाठी शक्यतो बाई असावी. मांडीची ताकद मोजायचं एक यंत्र तिथे ठेवा. खेळाडूंचा विमा काढाल तेव्हा त्यात शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओथेरपीचा आणि प्रवासाचा खर्च धरा. नुसतं ऑपरेशन झालं की विमा संपला, असं नको.

दुखापतीमुळे हुकलेल्या वर्षासाठी, वैद्यकीय कागद तपासून, प्रमाणपत्राच्या आणि वयोगटाच्या नियमांत एक संधी वाढवून द्या. खोटे कागद येतील ही तुमची शंका मला मान्य आहे. एमआरआय आणि शस्त्रक्रियेचा अहवाल तपासणं अवघड नाही.

आणि स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येकाला, गावच्या मंडळापासून राज्य स्पर्धेपर्यंत, बर्फ, कुबड्या, आणि गुडघा पिळल्यावर त्या दिवशी पुन्हा खेळवायचं नाही एवढा एक नियम बंधनकारक करा. यासाठी पैसेही फार लागणार नाहीत.

बाकी सगळ्याला वेळ लागेल, हे मी समजू शकते. एक गोष्ट मात्र या आठवड्यातच करता येण्यासारखी आहे. त्या चाचणीचं पत्र मागे घ्या. तिचे नऊ महिने ११ ऑक्टोबरला भरतात. त्या दिवशी मी पुन्हा व्हरांड्यात रेघ मारणार आहे, फिजिओ यंत्रावर ताकद मोजणार आहे. आकडे जे येतील ते, चांगले असोत वा कमी, सहीनिशी तुम्हाला पाठवते. केंद्रातली तिची मैत्रीण सांगते की खोलीतला तिचा पलंग अजून कोणाला दिलेला नाही, गादीखाली तिचे बूट तसेच आहेत. तोवर ते तिथेच राहू द्या.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका